विद्यापीठ ग्रंथालयासाठी नवा शोधमंच निवडताना: डेमोच्या आधीपासून करारापर्यंत

नवा शोधमंच, म्हणजे लेख-पुस्तकं शोधण्याची ऑनलाइन प्रणाली, घ्यायचा ठरलं की बहुतेक विद्यापीठ ग्रंथालयांत एकच क्रम चालतो. आधी विक्रेत्याचा डेमो होतो. मग महिन्याभराची ट्रायल सुरू होते. ती संपायला आठवडा उरला की विभागांना ‘अभिप्राय कळवावा’ असं पत्र जातं, चार-पाच जण ‘उपयुक्त आहे’ असं लिहून पाठवतात आणि फाइल खरेदी समितीपुढे जाते. सहा महिन्यांनी बघावं तर संशोधक विद्यार्थी गूगल स्कॉलरवरच शोधत असतात आणि ग्रंथालयाने पैसे भरलेले लेख त्यांना सापडत नाहीत.

चूक क्रमात आहे. आपल्या वाचकांचे प्रश्न आणि त्यांची बरोबर उत्तरं आधी हातात हवीत, मंच त्यानंतर बघायचा. डेमो आधी पाहिला की विक्रेत्याने जे दाखवलं तेच आपण मोजायला लागतो. पुढचे टप्पे महाराष्ट्रातलं राज्य विद्यापीठ डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत: सूची कोहा किंवा सोल या ग्रंथालय-प्रणालींवर, बरीचशी नियतकालिकं ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या केंद्र सरकारच्या योजनेतून, काही डेटाबेस स्वतःच्या पैशाने घेतलेले, प्रबंध शोधगंगा या राष्ट्रीय प्रबंध-भांडारात आणि वाचक निम्मे मराठीत, निम्मे इंग्रजीत शोधणारे. या कामाला किमान सहा महिने हाताशी ठेवा.

## टप्पा १: नेमकं काय बदलायचं ते एका पानावर लिहा

‘सर्च नीट चालत नाही’ ही तक्रार तीन वेगवेगळ्या थरांबद्दल असू शकते. पहिला थर खुद्द डेटाबेसचा: जेस्टोर, स्कोपस, पबमेड. दुसरा थर मंचाचा, कारण एकच डेटाबेस दोन कंपन्यांच्या मंचांवर मिळू शकतो आणि दोन्हीकडे शोध वेगळा वागतो. तिसरा थर या सगळ्यांवर एकच शोधचौकट देणाऱ्या डिस्कव्हरी सेवेचा. प्रायमो, समन, एब्स्को डिस्कव्हरी सर्व्हिस आणि वर्ल्डकॅट डिस्कव्हरी या व्यावसायिक सेवा त्यातल्या. व्ह्यूफाइंड आणि ब्लॅकलाइट मुक्तस्रोत आहेत, पण त्यांच्यासोबत लेखांची तयार अनुक्रमणिका (शोधासाठीचा इंडेक्स) येत नाही. ती वेगळी मिळवावी लागते किंवा बांधावी लागते. ‘फुकट आहे’ म्हणून व्ह्यूफाइंड निवडणाऱ्यांच्या हे हमखास उशिरा लक्षात येतं.

पानावर तीनच गोष्टी लिहा: कोणता थर बदलायचा, तो कोणासाठी आणि आज नेमकं काय अडतं. ‘वाचकांना सुलभ सेवा’ असली वाक्यं गाळा. ‘परिसराबाहेरून लेख उघडत नाही’ ही तक्रार असेल तर ती बहुधा ओळखव्यवस्थेची, म्हणजे वाचक आपलाच आहे हे पडताळून प्रवेश देणाऱ्या यंत्रणेची, आहे. नवा शोधमंच घेऊन ती सुटणार नाही.

तपासणी: हे पान संदर्भ विभागातल्या सहकाऱ्याला वाचायला द्या. ‘हे तर आत्ताच्या सेटिंगमध्येच दुरुस्त होईल’ असं उत्तर आलं तर आधी तेच करून घ्या.

## टप्पा २: आपल्याकडे काय आहे त्याची यादी साफ करा

सर्वांत कंटाळवाणा टप्पा हाच, आणि सर्वाधिक वगळला जातो तोही हाच. मंचाला आपली होल्डिंग्ज, म्हणजे आपल्याकडे काय आणि कोणत्या वर्षांचं आहे याची यादी, चुकीची दिली की तो न घेतलेलं दाखवतो आणि घेतलेलं लपवतो. ट्रायलमध्ये मग दोष मंचाचा की यादीचा, हेच कळत नाही.

यादी केबार्ट या प्रमाणित साच्यात करा. दर नियतकालिकासाठी नाव, छापील आणि इलेक्ट्रॉनिक आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळखक्रमांक), पहिला व शेवटचा उपलब्ध खंड किंवा वर्ष, एम्बार्गो (ताजे अंक किती काळ मिळत नाहीत) आणि दुवा लागतो. प्रकाशक ही फाइल देतात. ती आपल्या करारातल्या वर्षांशी ताडून बघणं मात्र आपलंच काम.

इथे चार जागी विशेष घोळ होतो.

पहिली जागा ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी या योजनेला मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० नियतकालिकं असा तिचा आवाका आहे आणि समन्वय इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राकडे आहे. या शीर्षकांचा यादीत वेगळा गट करा, स्वतःच्या वर्गणीत मिसळू नका. पुढे योजनेतली नावं बदलली तर एक गट बदलून काम भागेल, नाहीतर हजारो ओळी हाताने शोधत बसावं लागेल.

दुसरी जागा जुने अंक. पूर्वी वर्गणी भरलेल्या वर्षांवर कायमचा हक्क असेल तर तो त्या वर्गणीच्या जुन्या पत्रांत शोधा. तो कोणाच्याही तयार यादीत नसतो.

तिसरी जागा एकत्रित, म्हणजे अनेक प्रकाशकांची नियतकालिकं एका ठिकाणी देणारे, डेटाबेस. त्यात नियतकालिकाचं नाव दिसतं, पण पूर्ण मजकूर कधीकधी वर्षभर मागे असतो. एम्बार्गोचा रकाना रिकामा राहिला की ताज्या लेखावर टिचकी मारणारा वाचक हमखास अडकतो.

चौथी जागा नाव बदललेली किंवा विभागून मिळणारी नियतकालिकं. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ हे सर्वांच्या ओळखीचं उदाहरण. १९६६च्या आधीचा ‘इकॉनॉमिक वीकली’ आणि नंतरचे जुने अंक जेस्टोरवर, ताजे अंक नियतकालिकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर. चांगल्या मंचाने १९८०च्या दशकातल्या लेखाला जेस्टोरकडे आणि या वर्षीच्या लेखाला मूळ संकेतस्थळाकडे न्यायला हवं. आपण दोन्ही घेत असू तर ही जोडी पुढच्या चाचणीसाठी जपून ठेवा. एकाच प्रश्नात होल्डिंग्ज, दुवा आणि तारखा तिन्ही तपासून होतात.

सावधान: यादी साफ होण्याआधी ट्रायलची तारीख देऊ नका. ट्रायलचे तीस दिवस पहिल्या दिवसापासून मोजले जातात आणि निम्मे यादी चढवण्यातच जातात.

## टप्पा ३: प्रश्नसंच बांधा आणि कुलूपबंद करा

सगळ्या मूल्यमापनाचा जीव या टप्प्यात आहे. चाळीस ते पन्नास प्रश्न पुरेत, पण ते खरे हवेत. संदर्भ विभागाच्या नोंदवहीतून घ्या, सध्याच्या मंचाच्या शोधनोंदींतून घ्या, पीएचडी कोर्सवर्कच्या वर्गात कागद फिरवून घ्या. वाचकाने जसं टाइप केलं तसंच ठेवा, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. ग्रंथपालाने नीटनेटका केलेला प्रश्न कोणताही मंच सोडवतो.

प्रश्न या गटांत विभागलेले असावेत:

- ठाऊक असलेली वस्तू: लेखाचं पूर्ण नाव, अर्धवट नाव, नुसता डीओआय (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक), प्रबंधाच्या संदर्भसूचीतून जसाच्या तसा चिकटवलेला उल्लेख. एका शब्दाची नावं आवर्जून घ्या. ‘नेचर’, ‘सायन्स’, ‘सेल’ ही नियतकालिकं शोधताना भलतीच पुस्तकं वर आली तर मंचाची क्रमवारी कच्ची आहे.
- विषय: ‘मराठवाडा शुगरकेन ग्राउंडवॉटर’ अशी तीन-चार शब्दांची विद्यार्थ्यांची मांडणी, आणि त्याच विषयावर प्राध्यापकाने लिहिलेला लांब शोध.
- काटेकोर शोध: कंस, ‘अँड’, ‘ऑर’, ‘नॉट’, अवतरणातला शब्दसमूह, शब्दाच्या शेवटी तारा (*, म्हणजे पुढे काहीही चालेल).
- मराठी: देवनागरीत आणि रोमन लिपीत.
- स्थानिक साहित्य: शोधगंगेवरचे आपल्याच विद्यापीठाचे प्रबंध, संस्थेच्या भांडारातले अहवाल, सूचीतली मराठी पुस्तकं.

आता उत्तरं. ठाऊक वस्तूचं उत्तर एकच असतं. विषयाच्या प्रश्नांसाठी त्या-त्या विभागातल्या एका प्राध्यापकाला विचारा की या विषयावर कोणते पाच-सहा लेख सापडलेच पाहिजेत. ते लेख आपल्याकडे उपलब्ध आहेत का ते तपासा आणि प्रश्नासमोर लिहून ठेवा. मंचाने त्यातले किती पहिल्या वीस निकालांत आणले, हे पुढे मोजता येईल.

याच बैठकीत गुणांची वाटणी ठरवा. काही अटी उत्तीर्ण-अनुत्तीर्ण स्वरूपाच्या ठेवा: परिसराबाहेरून प्रवेश, देवनागरी शोध, स्वतःची सूची रोज अद्ययावत होणं, दृष्टिबाधित वाचकांना वापरता येणं. या अटी ज्याला जमत नाहीत तो इतर बाबतींत कितीही सरस असला तरी बाद.

संच आणि गुणवाटणी यांवर तारीख घाला, समितीच्या सह्या घ्या आणि विक्रेत्याला दाखवू नका.

तपासणी: संचातले निम्मे तरी प्रश्न आज हाताशी असलेल्या मंचावर आणि गूगल स्कॉलरवर चालवून निकाल लिहून ठेवा. गूगल स्कॉलरला स्पर्धक म्हणून शेवटपर्यंत सोबत ठेवा, कारण वाचकाच्या हातात तो आहेच.

## टप्पा ४: विक्रेत्याकडून लेखी उत्तरं मागवा

‘आमच्याकडे अब्जावधी नोंदी आहेत’ या वाक्याने काहीही ठरत नाही. पत्रातून हे विचारा:

१. आपण वर्गणी भरतो त्या प्रत्येक प्रकाशकाचं आणि डेटाबेसचं नाव घेऊन सांगा की तुमच्या अनुक्रमणिकेत नुसता नाव-लेखकाचा तपशील आहे, सारांश आहे, की पूर्ण मजकूरही शोधला जातो? नवी नोंद किती दिवसांत दिसते?

२. नायसो या प्रमाणकं ठरवणाऱ्या संस्थेच्या ‘ओपन डिस्कव्हरी इनिशिएटिव्ह’ शिफारशींचं पालन केल्याचा भरलेला तक्ता द्या. पहिल्या शिफारशी २०१४च्या, सुधारित २०२०च्या. डेटाबेस विकणारी कंपनीच शोधमंचही विकत असेल तर निकालांच्या क्रमात स्वतःच्या मालाला झुकतं माप मिळतं का, हा प्रश्न याच तक्त्यावरून विचारता येतो.

३. विषयशीर्षकांचं काय होतं? पबमेडमधली मेश, म्हणजे वैद्यकाच्या ठरावीक विषयशीर्षकांची, उतरंड सर्वसाधारण शोधमंचावर तशीच वापरता येत नाही. वैद्यक आणि परिचर्या विभागांना हे आधीच सांगावं लागेल आणि मूळ डेटाबेसचे दुवे ठळक ठेवावे लागतील.

४. वाचकाची कोणती माहिती साठवता, कुठे, किती काळ? २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या संदर्भात हे लेखीच हवं.

५. संलग्न महाविद्यालयांचं काय? आपल्याकडे एका विद्यापीठाला शेकडो महाविद्यालयं जोडलेली असतात आणि परवाना बहुतेक वेळा परिसरापुरताच असतो. महाविद्यालयातल्या वाचकाला निकाल दिसतात, लेख उघडत नाही आणि तक्रार ग्रंथालयाकडे येते.

उत्तरं मिळाल्यानंतरच डेमो घ्या. त्यात आपल्या संचातले नसलेले पण त्याच जातीचे चार प्रश्न आपण सांगायचे आणि विक्रेत्याने ते तिथेच टाइप करायचे.

## टप्पा ५: ट्रायल उभी करा

दोन किंवा तीनच मंच घ्या आणि सगळ्यांची ट्रायल एकाच काळात लावा. आज एक आणि तीन महिन्यांनी दुसरा पाहिला तर तुलना होत नाही. वेळ ऑगस्ट-सप्टेंबर किंवा जानेवारी-फेब्रुवारी. परीक्षा आणि दिवाळीच्या सुट्टीत लावलेली ट्रायल वाया जाते.

तीन गोष्टी झाल्याशिवाय चाचणी सुरू करू नका. आपली होल्डिंग्ज चढलेली असावीत. लिंक रिझॉल्व्हर, म्हणजे निकालावरून पूर्ण मजकुरापर्यंत नेणारी सोय, जोडलेला असावा. आणि परिसरातल्या आयपी पत्त्यांवरून मिळणाऱ्या प्रवेशाबरोबरच परिसराबाहेरचा प्रवेश, मग तो इन्फेड या इन्फ्लिबनेटच्या एकत्रित लॉगिन व्यवस्थेतून असो, प्रॉक्सीतून असो वा आणखी कशातून, चालू झालेला असावा.

सावधान: ट्रायलच्या मांडणीत बऱ्याचदा सगळे संग्रह ‘चालू’ असतात. निकाल भरभरून दिसतात, पण त्यातलं बरंच आपल्या वर्गणीत नसतं. ‘फक्त आपल्याकडे उपलब्ध’ ही गाळणी मूळ सेटिंगमध्ये लावून घ्या आणि तिचा पडताळा घ्या: आपण घेत नाही असं एक नियतकालिक शोधा. ते आलं तर मांडणी अपुरी आहे.

## टप्पा ६: चाचणी, ठरल्या क्रमाने

आधी दुवे. ठाऊक वस्तूंच्या प्रत्येक प्रश्नाला निकालावर टिचकी मारा आणि शेवटी काय उघडलं ते या पाचांपैकी एका खुणेने लिहा: पूर्ण मजकूर, लेखाचं सारांशपान, नियतकालिकाचं मुखपृष्ठ, पैसे मागणारं पान, तुटलेला दुवा. ‘उघडलं’ एवढंच लिहू नका. सारांशपानावर पोचून पुढचं बटण न सापडलेला विद्यार्थी परत जातो. निम्मे दुवे परिसरातून आणि निम्मे घरून, मोबाइल डेटावर तपासा.

मग गणित. काटेकोर शोध खरोखर काटेकोर आहे का, हे पाच मिनिटांत कळतं. ‘शुगरकेन’ शोधा, आकडा लिहा. ‘इरिगेशन’ शोधा, आकडा लिहा. आता दोन्ही ‘अँड’ने जोडा: आकडा दोन्हींपेक्षा कमी किंवा जास्तीत जास्त लहान आकड्याइतका हवा. ‘ऑर’ने जोडा: मोठ्या आकड्याइतका किंवा त्याहून जास्त हवा. तसं होत नसेल तर मंच पाठीमागे शब्द वाढवतो आहे किंवा दुहेरी नोंदी एकत्र करताना आकडे अंदाजाने दाखवतो आहे. हाच शोध दुसऱ्या संगणकावरून आणि आठवड्याने पुन्हा करा. पद्धतशीर आढावा (एका प्रश्नावरचं सगळं संशोधन ठरल्या पद्धतीने गोळा करणारा लेख) लिहिणाऱ्यांना शोध जसाच्या तसा पुन्हा करून दाखवावा लागतो. आकडे विनाकारण हलत असतील तर त्यांना या मंचावर पाठवू नये.

मग विषय. प्राध्यापकांनी दिलेल्या ‘सापडलेच पाहिजेत’ लेखांपैकी किती आले ते मोजा. पहिल्या दहांत किती दुहेरी आणि किती असंबद्ध, तेही लिहा. पुस्तक-परीक्षणं आणि वर्तमानपत्री बातम्या मूळ लेखांना खाली ढकलतात का, इकडे लक्ष ठेवा.

मग मराठी. इथे घाई करू नका. विक्रेत्याचा ‘आम्ही युनिकोडला आधार देतो’ हा दाखला अपुरा आहे, कारण खरी अडचण युनिकोडच्या आतच आहे.

‘शेतकऱ्यांच्या आत्महत्या’ हा आपल्याकडचा नेहमीचा संशोधनविषय घ्या. ‘ऱ्यां’ हे जोडाक्षर दोन प्रकारे साठवलेलं सापडतं. काही कळफलक ‘ऱ’ हे वेगळं अक्षर वापरून ते बनवतात, काही साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द असतात. मंच हे आपोआप एकत्र करत नसेल तर एका पद्धतीने टाइप करणाऱ्याला दुसऱ्या पद्धतीने नोंदलेली पुस्तकं कधीच दिसणार नाहीत, आणि का दिसत नाहीत हेही कळणार नाही. ‘ॲ’चंही तसंच: एकसंध अक्षर आणि ‘अ’वर वेगळा चंद्र दिलेलं अक्षर. चाचणीसाठी एकाच शब्दाची दोन्ही रूपं एका फाइलीत आधीच तयार ठेवा आणि चिकटवून शोधा. दोन्हींचा निकाल सारखाच यायला हवा.

पुढची पायरी विभक्तीची. ‘शेतकरी’ शोधल्यावर ‘शेतकऱ्यांचे प्रश्न’ हे शीर्षक येतं का? ‘पाणी’ शोधल्यावर ‘पाण्याचे’? मूळ शब्दाचं सामान्यरूप बदलतं, त्यामुळे शब्दाच्या शेवटी तारा लावूनही काम भागत नाही. सोल्रसारख्या शोधयंत्रांत (सूचीच्या ‘सोल’शी याचा संबंध नाही) हिंदीसाठी शब्दाचे प्रत्यय काढून मूळ रूप शोधणारा तयार विश्लेषक मिळतो आणि काही मांडण्यांत देवनागरी म्हटलं की तोच लावला जातो. हिंदीचे प्रत्यय मराठीला लागू पडत नाहीत. विक्रेत्याला थेट विचारा: मराठीसाठी कोणता विश्लेषक आहे, आणि शब्दकोश आम्हाला वाढवता येईल का?

अनुस्वाराची रूपंही तपासा: ‘संबंध’ आणि ‘सम्बन्ध’, ‘हिंदी’ आणि ‘हिन्दी’. रोमन लिपीत ‘ज्ञ’ कुठे डी-एन-वाय, कुठे जे-एन, कुठे जी-वाय असा लिहिलेला असतो. तिन्ही करून बघा. लेखकांची आद्याक्षरं टिंब देऊन, टिंबाशिवाय, जागा सोडून आणि न सोडता शोधा.

राहिला जुन्या फॉण्टमधला मजकूर. श्रीलिपीसारख्या बिगर-युनिकोड फॉण्टमध्ये तयार झालेले प्रबंध आणि अंक पीडीएफमध्ये वाचता येतात, शोधता येत नाहीत. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे निरर्थक रोमन अक्षरं आली तर तो मजकूर कोणत्याही मंचाला वाचता येणार नाही. हा मंचाचा दोष नाही, त्यामुळे त्यासाठी गुण कापू नका. अशा फाइलींची नोंद मात्र करून ठेवा, कारण त्यांच्या निदान शीर्षक-सारांशाची माहिती युनिकोडमध्ये भरून घ्यावी लागेल.

तपासणी: मराठी चाचणी कोहा किंवा सोलच्या नोंदींवर आणि लेखांच्या नोंदींवर वेगवेगळी करा. अनेकदा स्वतःच्या सूचीत मराठी नीट सापडतं आणि मध्यवर्ती अनुक्रमणिकेत सापडत नाही.

शेवटी सुगम्यता. एनव्हीडीए हा स्क्रीनरीडर मोफत आहे. माउस बाजूला ठेवून फक्त कळफलकाने शोध, गाळणी आणि लेख उघडणं करून बघा. दृष्टिबाधित विद्यार्थी तयार असतील तर त्यांच्याकडूनच करून घ्या.

## टप्पा ७: एआय उत्तरांची वेगळी परीक्षा

आता बहुतेक मंच शोधाबरोबर तयार उत्तरही देतात. स्कोपस, वेब ऑफ सायन्स आणि प्रायमो यांच्या अशा सोयी २०२४ मध्ये आल्या. डेमोत हाच भाग सर्वांत जास्त टाळ्या घेतो, म्हणून त्याचे गुण शोधापासून वेगळे ठेवा.

दिलेला प्रत्येक संदर्भ उघडा. तो अस्तित्वात आहे का, आणि उत्तरात म्हटलेलं खरोखर त्यात आहे का, या दोन स्वतंत्र खुणा करा. ज्यावर साहित्यच नाही असा एखादा अतिस्थानिक प्रश्न विचारा. ‘पुरेसं साहित्य सापडलं नाही’ असं सांगणाऱ्या मंचाला गुण द्या, ओढूनताणून उत्तर देणाऱ्याचे कापा. तोच प्रश्न मराठीत विचारा. मागे घेतलेला लेखही तपासा: एमएमआर लस आणि ऑटिझम यांचा संबंध जोडणारा १९९८चा ‘लॅन्सेट’मधला लेख २०१० मध्ये मागे घेतला गेला. तो निकालात येताना ‘मागे घेतलेला’ ही खूण दिसते का, आणि एआय उत्तर त्याला पुरावा म्हणून तर वापरत नाही ना?

उत्तर सारांशांवरून तयार होतं की पूर्ण मजकुरावरून, आणि कोणत्या प्रकाशकांचा मजकूर त्यातून वगळलेला आहे, हे लेखी घ्या.

सावधान: ही सोय बंद करण्याचा अधिकार ग्रंथालयाकडे हवा, आणि बंद केल्यावरही मूळ शोध पूर्ववत चालला पाहिजे.

## टप्पा ८: वाचकांना बसवा आणि गप्प बघा

अभिप्रायाचं पत्र पाठवण्यापेक्षा सहा-सात वाचक प्रत्यक्ष बसवा: पदव्युत्तरचे दोघं, पीएचडीचे दोघं, एक प्राध्यापक, एखादे महाविद्यालयीन ग्रंथपाल. प्रत्येकाला तीच तीन कामं द्या आणि मदत करू नका. कुठे थांबले, काय दोनदा टाइप केलं, कधी दुसरी खिडकी उघडून गूगलवर गेले, एवढंच टिपा. ‘आवडलं का?’ हा प्रश्न शेवटी विचारलात तरी त्याला गुण देऊ नका. शक्य असेल तिथे मंचाचं नाव-बोधचिन्ह झाकून निकालांच्या छापील याद्या शेजारी शेजारी ठेवा आणि प्राध्यापकांना चांगली निवडायला सांगा. नामांकित कंपनीच्या नावाचं वजन त्यामुळे बाजूला पडतं.

## टप्पा ९: गुण, निविदा, करार

गुणांची बेरीज करण्याआधी सक्तीच्या अटी बघा. मग किंमत. पहिल्या वर्षाच्या सवलतीच्या आकड्याऐवजी किमान तीन वर्षांचा एकूण खर्च मांडा: उभारणी, सूची जोडणं, प्रशिक्षण, दरवर्षीची वाढ, डॉलरमधला दर असेल तर चलनातला फरक, आणि जीएसटी कोणत्या भागावर लागतो ते लेखा विभागाकडून.

निविदा दोन लिफाफ्यांची (तांत्रिक आणि दर वेगळे) असेल तर तांत्रिक अटींत आपल्या चाचणीचे निकष शब्दशः उतरवा, ब्रँडचं नाव न घालता. ‘ऱ्य’ची दोन्ही रूपं एकच निकाल देतील, ठाऊक वस्तूंपैकी अमुक टक्के दुवे पूर्ण मजकुरापर्यंत पोचतील, सूची चोवीस तासांत अद्ययावत होईल, असं मोजता येणारं लिहा. या अटी निविदेत नसतील तर सर्वांत कमी दराचा मंच घ्यावा लागतो आणि तोवर केलेली चाचणी कागदावरच राहते.

करारात आणखी या गोष्टी हव्यात: करार संपल्यावर आपल्या नोंदी आणि सेटिंग्ज प्रमाणित स्वरूपात परत मिळणं, काउंटर या वापर मोजण्याच्या प्रमाणकाच्या ५.१ आवृत्तीचे वापर-अहवाल, तक्रारीला उत्तर देण्याची मुदत, आणि रकमेचा शेवटचा हप्ता उभारणीच्या चाचणीनंतर.

## टप्पा १०: जुना मंच लगेच बंद करू नका

एक सत्र दोन्ही मंच सोबत चालवा. जुन्या मंचाचे कायमस्वरूपी दुवे मूडल या ऑनलाइन वर्गाच्या प्रणालीत, अभ्यासक्रमाच्या याद्यांत आणि विभागांच्या पानांवर पेरलेले असतात. ते शोधून बदलायला वेळ लागतो. वाचकांनी साठवलेले शोध आणि सूचना नव्या मंचावर येत नसतील तर तसं महिनाभर आधी कळवा.

वापर मोजताना ‘शोधांची संख्या’ या रकान्यावर विसंबू नका. एका टिचकीने अनेक ठिकाणी शोध फिरला की ती संख्या आपोआप फुगते. पूर्ण मजकुराच्या एकमेव मागण्या (एकाच बैठकीत तोच लेख पुन्हा उघडला तरी एकच धरलेल्या) आणि परवाना नसल्याने नाकारलेल्या मागण्या बघा, आणि त्या गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडा. नाकारलेल्या मागण्या एकदम वाढल्या तर बहुधा होल्डिंग्जच्या यादीत चूक शिरली आहे.

टप्पा ३ मधला प्रश्नसंच उभारणीनंतरच्या पहिल्या महिन्यात पुन्हा पूर्ण चालवा. ट्रायलमध्ये जमलेलं प्रत्यक्षात जमत नसेल तर ते प्रश्न, पडद्याची चित्रं आणि तारखा जोडून विक्रेत्याला लेखी पाठवा आणि दुरुस्ती होईपर्यंत शेवटच्या हप्त्याचं बिल लेखा विभागाकडे जाऊ देऊ नका.